कॉपी जर्नलपासून सुरू होते

बारावीचे पेपर आले की भरारी पथकं, बैठी पथकं, गेटवर झडती. असू दे. पण चिठ्ठी सापडते तोवर पोरगा कॉपीत मुरलेला असतो, आणि मुरवलेला आपणच.

सायन्सच्या पोरांचा हिशोब बघा. इंजिनीअरिंगचा प्रवेश एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या पर्सेंटाइलवर. बारावी पात्रतेपुरती: पीसीएममध्ये (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) खुल्या गटाला ४५ टक्के, म्हणजे ३०० पैकी १३५. त्यात फिजिक्स-केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलचे ३०-३० आणि मॅथ्सचे अंतर्गत २०. हे ८० मार्क कॉलेजातच पडतात, आणि सढळ हाताने पडतात. ७४ धरा. उरले ६१, तेही २२० पैकी. विषयवार पास व्हायचं असतंच, पण एवढ्यासाठी थिअरीला वर्ष कोण देणार? पोरगा सीईटीचे एमसीक्यू, म्हणजे पर्याय निवडायचे प्रश्न, घोटत बसतो. फेब्रुवारीत पेपर हातात पडला की कळतं, चार मार्कांचं डेरिव्हेशन लिहायची सवयच गेलीय. चिठ्ठी इथे लागते, आणि ती फक्त ढ पोरांना लागते असं अजिबात नाही.

आता जर्नल, म्हणजे प्रॅक्टिकलची वही, उघडा. मीटर ब्रिजचा प्रयोग: मीटरभर तारेवर काटा शून्यावर येणारी जागा शोधून अज्ञात रोध, म्हणजे विजेला होणारा विरोध, काढायचा. अज्ञात रोध ४ ओहम, हे मागच्या बॅचच्या जर्नलात लिहिलेलंच आहे. रेझिस्टन्स बॉक्समधून ६ ओहम काढले की गॅल्व्हानोमीटरचा काटा ४० सेंटीमीटरला शून्यावर यायला हवा. मग लिहायचं ४०.१, ३९.८, ४०.२. तारेवर टेकवायची जॉकी फिरलीच नाही! जो प्रामाणिकपणे फिरवतो त्याला ३८.५ मिळतं आणि रोध येतो ३.७६. आपल्या कोकणातली खारी, दमट हवा; पितळी स्क्रू काळे पडलेले, बॉक्सचे प्लग सैल. दोष उपकरणाचा, पण लाल पेनाने 'रिपीट' त्याच्या वहीवर. पुढच्या वेळी तोही उत्तरावरून रीडिंग काढतो. शिकला.

हजेरीचं वेगळं सांगायला नको. नाव गावच्या कॉलेजात, पोरगा लातूर-कोल्हापूरच्या क्लासला आणि मस्टरवर ७५ टक्के.

कोकण विभागाचा २०२५ चा बारावीचा निकाल ९६.७४ टक्के, राज्यात पहिला. अभिमान आहेच. पण आकडा चांगला असला की जर्नल कुठून उतरवलं हे विचारायची कुणाला गरज वाटत नाही. त्यात पेपर शिमग्याच्या तोंडावर आणि सीईटी ऐन आंब्याच्या हंगामात. बागायतदाराच्या घरात पेट्या भरायला माणूस कमी असताना पोरगा कोंडून घेऊन किती बसणार?

'प्रवेशात बोर्डाच्या मार्कांना वेटेज द्या' असं बरेच जण म्हणतात. आजच्या प्रॅक्टिकलवर ते दिलंत तर त्याच ८० मार्कांचा बाजार होईल. आधी प्रॅक्टिकल सुधारा. बाहेरून आलेल्या परीक्षकाने निदान एक रीडिंग समोर घ्यायला लावावं. मार्क उत्तराला कमी, निरीक्षणाला आणि 'चूक कुठून आली' याच्या उत्तराला जास्त. स्क्रू पॉलिश पेपरने घासून घ्या, दोन मिनिटांचं काम. आणि दर बॅचला अज्ञात रोधाची नायक्रोमची तार वेगळ्या लांबीची कापा. लांबी बदलली की रोध बदलतो, मग जुन्या जर्नलातला ४ ओहम कुणाच्या कामाचा राहत नाही.