घरच्या सायकल ट्रेनरवर अख्खं घर चालत नाही

सध्या एक मेसेज फिरतोय, जुन्या सायकलला स्टँड करा, मागच्या चाकाला गाडीचा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) लावा, तासभर पेडल मारा आणि घराला दिवसभर वीज मिळवा. असं होत नाही हो. साधारण फिट माणूस तासभर सलग मारून मारून 100 वॅट काढतो, म्हणजे फक्त 0.1 युनिट, आणि त्यातलंही अल्टरनेटर नि बॅटरीत बरंच वाया जातं, हातात राहतं जेमतेम निम्मं. त्यावर जुना 75 वॅटचा पंखा तासभरही चालत नाही, 9 वॅटचा एलईडी बल्ब मात्र पाचेक तास आरामात जळेल, मोबाईल चार्ज होतील. फ्रिज, इस्त्री, गिझर विसराच.

शिवाय गाडीचा अल्टरनेटर इंजिनच्या स्पीडसाठी बनवलेला, हळू फिरवला तर चार्जच करत नाही आणि त्याच्या फील्ड कॉइलला (आतलं चुंबकत्व तयार करणारी तारेची गुंडाळी) स्वतःलाच करंट लागतो. त्याऐवजी पर्मनंट मॅग्नेटवाली (आत कायमचं चुंबक असलेली) डीसी मोटर घ्या, ती फिरवली की जनरेटरसारखी कमी स्पीडलाही व्होल्टेज देते.

पण म्हणून ट्रेनर बनवूच नका असं अजिबात नाही!! व्यायामासाठी हा जुगाड खरंच भारी आहे, 12 व्होल्टचे बल्ब एकेक करून जोडत गेलात की पेडल जड होत जातं, चढाचा सराव घरातच. फक्त बॅटरी जोडणार असाल तर चार्ज कंट्रोलर (बॅटरी जास्त चार्ज होऊ न देणारं सर्किट) आणि फ्यूज लावाच.