'माझं पाणी'वाल्यांनो, नॉझिक तरी नीट वाचा

उन्हाळा लागला की एक वाक्य हमखास कानावर येतं: "माझी जमीन, माझा बोअर, माझं पाणी. तुमच्या पोटात का दुखतं?" बोलणाऱ्याला रॉबर्ट नॉझिक माहीत नसतो, पण वकिली त्याचीच चाललेली असते. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या या प्राध्यापकाने १९७४ साली मांडलं की एखादी वस्तू रीतसर मिळवली असेल तर ती तुमची. तिचं फेरवाटप करणारं सरकार कोण? त्याच विद्यापीठातले जॉन रॉल्स १९७१ मध्येच वेगळं सांगून बसले होते: आपण बागायतदाराच्या घरी जन्मणार की शेतमजुराच्या, हे ठाऊक नाही असं धरून नियम ठरवा.

मी रॉल्सच्या बाजूचा. पण गंमत म्हणजे नॉझिकनेही एक अट घालून ठेवलीय. वाळवंटातला एकुलता एक पाणवठा बळकावून मनाला येईल तो भाव लावता येणार नाही. आधी पुष्कळ पाणवठे होते, बाकीचे आटले आणि तुमचाच उरला, तरीही नाही! मे महिन्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावात वेगळं काय असतं?

पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून पाणी वाटून घ्यायची व्यवस्था, उभी केली. पाणी घरातल्या माणसांच्या हिशेबाने: माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. भूमिहीनालाही वाटा. आणि ऊस लावायचा नाही.

शेतात काय लावायचं हे सांगणारे तुम्ही कोण, असं कुणी म्हणेल. मला तर हाच नियम सगळ्यात शहाणा वाटतो. वर्षभर पाणी पिणारं पीक एकाने उभं केलं की सारखे वाटे कागदावरच राहतात. रॉल्सची तत्त्वं इतक्या खाली, पाटापर्यंत उतरत नाहीत.

"मग कर्ज काढून बोअर मारला त्याचं काय?" रास्त प्रश्न. पाणी पंचायतीतही फुकट काही नव्हतं, योजनेच्या खर्चाचा २० टक्के भार सभासदांवर होता. मोटर, पाइप, वीज, सगळ्याचे पैसे जरूर वसूल करा. पण जमिनीखालचं पाणी बांध ओळखत नाही. तुम्ही पाचशे फूट खाली गेलात आणि शेजाऱ्याची चाळीस फुटी विहीर आटली, तर ती कुणाच्या खात्यावर टाकायची, तेवढं कमेंटमध्ये सांगा.