पीआयडी आधी की सेन्सर आधी? एका प्रतिक्रियेला उत्तर

लाइन फॉलोअर, म्हणजे जमिनीवरची काळी रेष धरून चालणारी छोटी गाडी, यावरच्या माझ्या लेखाला दिलेल्या रोखठोक प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: दोन सेन्सर आणि चार ‘इफ-एल्स’ अटींवर (असं असेल तर हे, नाहीतर ते) चालणारी गाडी म्हणजे खेळणं, ती सापासारखी वळवळते, आणि पीआयडी (चूक किती आहे, किती साठलीय आणि किती वेगाने बदलतेय यावरून दुरुस्ती ठरवायची पद्धत; पी, आय आणि डी हे तिचे अनुक्रमे तीन भाग) न शिकवता लाइन फॉलोअर शिकवणं ही नवशिक्यांची दिशाभूल आहे. शिवाय काळ्या मार्करची रेष तुमच्या गाडीला दिसलीच नाही, म्हणजे लेखातली जुळणीच सदोष.

गाडी वळवळते हे खरंच. ती का वळवळते, याबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे.

पीआयडीला खाद्य लागतं ते एका आकड्याचं: गाडी रेषेच्या मध्यापासून किती सरकली? लेखातली दोन सेन्सर मॉड्यूल्स तो आकडा देतच नाहीत. त्यांवरचा टीसीआरटी ५००० सेन्सर परत आलेला इन्फ्रारेड प्रकाश टिपतो खरा, पण पुढचा एलएम ३९३ कम्पॅरेटर (तुलना करणारी चिप) त्यातून ‘काळं’ किंवा ‘पांढरं’ एवढंच बाहेर सोडतो. रेष दोन्ही सेन्सरांच्या मधे आहे तोवर गाडी २ मिलिमीटर सरकली काय नि ५ मिलिमीटर सरकली काय, गाडी चालवणाऱ्या आर्डुइनो बोर्डच्या लेखी सगळं आलबेल. त्यावर केपी (पीचा गुणक) लावला तरी उत्तरं तीनच निघणार: डावीकडे, सरळ, उजवीकडे. म्हणजे इफ-एल्सचीच उत्तरं, फक्त गुणाकार करून काढलेली. आणि केडीला (डीच्या गुणकाला) या अशा उड्या दिल्या तर तो गाडीला वर आणखी धक्के देतो.

पाच सेन्सरांची अ‍ॅनालॉग पट्टी (फक्त काळं-पांढरं नव्हे, मधले आकडेही देणारी) घेतलीत तर मी तुमच्याच बाजूचा. सेन्सरांना उणे २ पासून अधिक २ पर्यंत वजनं द्यायची आणि भारित सरासरी काढायची. रेषेची जागा सलग आकड्यात मिळते. मग पी आणि डीवर काम भागतं, आय मी सहसा शून्यच ठेवतो. वळवळ शमवतो तो डी. (निकोलस मिनोर्स्की या अभियंत्याने १९२२ साली जहाजाच्या सुकाणूबद्दल लिहिताना हेच हेरलं होतं. मुरलेला सुकाणूवाला जहाज किती भरकटलं एवढंच बघत नाही, किती वेगाने भरकटतंय तेही बघतो.)

पण तुमच्या गाडीचं दुखणं त्याआधीचं दिसतं. तुम्ही दिलेल्या कोडमध्ये लूपच्या (पुन्हापुन्हा चालणाऱ्या भागाच्या) शेवटी १०० मिलिसेकंदांचा डिले (थांबा) आहे. सेकंदाला ३० सेंटिमीटर वेग धरला तर तेवढ्यात गाडी ३ सेंटिमीटर जाते. रेषेसाठी लावायची इन्सुलेशन टेप साधारण १८ मिलिमीटर रुंद असते. काटकोनी वळणावर सेन्सर अख्खी टेप ओलांडून पलीकडे जाईल आणि प्रोग्रामला पत्ताही लागणार नाही. तो डिले आधी काढा.

दुसरं, सेन्सर चाकांच्या आसाच्या पुढे हवेत. आसालगत लावले तर गाडी वळते, सेन्सर मात्र जवळजवळ जागच्या जागी राहतात, आणि दुरुस्ती झाली हे कळेपर्यंत ती जास्त झालेली असते. फार पुढेही नकोत, कारण मग गाडी वळणं कापत जाते.

वळताना आतलं चाक पूर्ण थांबवू नका, नुसतं हळू करा. निम्मी वळवळ तिथेच जाईल. तेही जपून. मोटर चालवणारा एल२९८एन ड्रायव्हर स्वतःच सुमारे २ व्होल्ट खातो, म्हणजे चार पेन्सिल सेलच्या ६ व्होल्टमधले ४च मोटरपर्यंत पोचतात. पीडब्ल्यूएम (मोटरचा वेग ठरवणारा आकडा) खूप खाली नेला की एक मोटर अडून बसते आणि दोष कोडच्या माथी जातो.

आता मार्कर. बऱ्याच मार्करांची शाई डोळ्यांना काळी दिसते, पण इन्फ्रारेड तिच्यातून आरपार जाऊन कागदावरून परत येतो. सेन्सरच्या दृष्टीने तिथे कोरा कागदच आहे. काळ्या टेपमधला कार्बन इन्फ्रारेडही शोषतो, म्हणून लेखात मी टेपच सांगितली होती. मॉड्यूलवरचा पोटेन्शिओमीटर (काळं-पांढरं यांची सीमा ठरवणारा स्क्रू) कितीही फिरवलात तरी त्या शाईवर उपाय नाही.

तुमच्या मॉड्यूलला अ‍ॅनालॉग पिन असेल तर सेन्सर जमिनीपासून ३-४ मिलिमीटरवर धरून कोरा कागद, मार्कर आणि टेप अशी तिन्ही वाचनं सिरियल मॉनिटरवर (आर्डुइनोचे आकडे संगणकावर दाखवणाऱ्या खिडकीत) घ्या आणि इथेच टाका. सोबत आसापासून सेन्सरांचं अंतरही लिहा. ते आकडे आले की केपी कुठून सुरू करायचा ते सांगतो.