पाच शुक्रवार, पाच शनिवार, पाच रविवार आणि ८२३ वर्षांची थाप

‘या ऑगस्टमध्ये पाच शुक्रवार, पाच शनिवार आणि पाच रविवार आले आहेत. असा योग ८२३ वर्षांतून एकदाच येतो. चिनी फेंगशुईनुसार ही पैशांची थैली आहे. हा संदेश पुढे पाठवणाऱ्यास चार दिवसांत धनलाभ होतो आणि न पाठवणारा कंगाल होतो,’ अशा आशयाचा संदेश ऑगस्ट २०२५ मध्ये व्हॉट्सॲपच्या गटांवर फिरला. तो नवा नव्हता. ऑक्टोबर २०१०, जुलै २०११ आणि ऑगस्ट २०१४ या महिन्यांतही हाच मजकूर, फक्त महिन्याचे नाव बदलून, जगभर फिरून गेला होता. यांपैकी पहिल्या दोन महिन्यांत अवघे नऊ महिन्यांचे अंतर आहे. ८२३ वर्षांतून एकदा घडणारी गोष्ट नऊ महिन्यांत पुन्हा घडली, एवढ्यावरच खरे तर हा विषय संपायला हवा होता. तो संपत नाही, कारण ‘गणित कोण करत बसणार’ असे म्हणून आपण आकडा तसाच पुढे ढकलतो. वास्तविक या संदेशातले प्रत्येक विधान म्हणजे शिष्यवृत्ती परीक्षेच्या बुद्धिमत्ता चाचणीत येते तसले, पुन्हा पुन्हा येणाऱ्या आकृतिबंधावरचे शाब्दिक उदाहरण आहे आणि ते त्याच रीतीने सोडवून पाहता येते.

पहिले विधान असे की, तीन वार पाच-पाच वेळा येणे ही विलक्षण गोष्ट आहे. समजा परीक्षेत प्रश्न आला: एका माळेत सात रंगांच्या पताका ठरावीक क्रमाने पुन्हा पुन्हा लावल्या आहेत, एकूण ३१ पताका असल्यास किती रंग पाच वेळा येतील? मुलगा ३१ ला ७ ने भागतो. भागाकार ४ येतो, बाकी ३ उरते. प्रत्येक रंग चार वेळा तर येणारच आणि उरलेल्या तीन पताकांमुळे माळेतले पहिले तीन रंग पाचव्यांदा येणार. येथे पताकांच्या जागी तारखा आणि रंगांच्या जागी वार ठेवले की संदेशातला ‘योग’ उलगडतो. ३१ दिवसांच्या प्रत्येक महिन्यात लागोपाठचे तीन वार पाच वेळा येतातच, मग तो महिना कोणत्याही वर्षाचा असो. ते तीन वार कोणते, हे फक्त एक तारखेच्या वारावर ठरते. पाच शुक्रवार, पाच शनिवार आणि पाच रविवार हे तीन वेगवेगळे चमत्कार नसून ‘३१ दिवसांचा महिना शुक्रवारी सुरू झाला’ या एकाच गोष्टीची ती तीन रूपे आहेत. मूळ प्रश्न म्हणून एवढाच उरतो की, असा महिना किती वेळा शुक्रवारी सुरू होतो.

वर्षात ३१ दिवसांचे महिने सात असतात आणि त्यांच्या सुरुवातीच्या वारांची मांडणीही ठरलेली असते. साध्या वर्षात जानेवारीच्या पहिल्या वारापासून मोजले तर मे महिना एका वाराने पुढे सुरू होतो, ऑगस्ट दोन वारांनी, मार्च तीन, डिसेंबर पाच आणि जुलै सहा वारांनी. ऑक्टोबर मात्र जानेवारीच्याच वारी सुरू होतो. सात वारांपैकी सहा वार अशा रीतीने दरवर्षी वापरले जातात आणि चार घरे पुढचा एकच वार सुटतो. त्यामुळे साध्या वर्षात शुक्रवारी सुरू होणारा ३१ दिवसांचा महिना नसण्यासाठी ते वर्ष सोमवारी सुरू झालेले असावे लागते. लीप वर्षात फेब्रुवारीचा जादा दिवस ही मांडणी थोडी सरकवतो आणि तेथे रविवारी सुरू झालेले वर्ष कोरडे जाते; २०१२ हे तसे वर्ष होते. प्रत्यक्ष दिनदर्शिका उघडून पाहा: २०१६ मध्ये असे महिने दोन होते, जानेवारी आणि जुलै, २०१७ मध्ये डिसेंबर, २०१८ सोमवारी सुरू झाल्यामुळे त्यात एकही नाही, २०१९ मध्ये मार्च, २०२० मध्ये मे, २०२१ मध्ये जानेवारी आणि ऑक्टोबर, २०२२ मध्ये जुलै, २०२३ मध्ये डिसेंबर, २०२४ मध्ये मार्च आणि २०२५ मध्ये ऑगस्ट. दहा वर्षांत अकरा वेळा! वर्षाला सरासरी एकापेक्षा थोडे अधिक, असे ज्याचे प्रमाण आहे त्याला दुर्मीळ म्हणायचे असेल तर मग दिवाळीही दुर्मीळ म्हणावी लागेल.

यावर एक बचाव हमखास ऐकू येतो, आणि तो मुळीच मूर्खपणाचा नाही. संदेश सर्व महिन्यांविषयी नसून फक्त ऑगस्टविषयी आहे, असे तो सांगतो. ठीक आहे, महिना पक्का करून पाहू. वर्ष ३६५ दिवसांचे असते. ३६५ ला ७ ने भागल्यास बाकी १ उरते, म्हणून तीच तारीख दरवर्षी एका वाराने पुढे सरकते आणि मध्ये २९ फेब्रुवारी आली की दोन वारांनी. हे जादा दिवस मिळवत जायचे आणि बेरीज ७ च्या पटीत आली की थांबायचे, एवढाच हिशेब आहे. २०१४ ते २०२५ ही अकरा वर्षे आणि त्यांतली २०१६, २०२०, २०२४ ही तीन लीप वर्षे मिळून १४ जादा दिवस होतात, म्हणजे नेमके दोन आठवडे. म्हणून २०१४ चा शुक्रवार २०२५ मध्ये परत आला. पुढे सहा वर्षे आणि २०२८ चे एक लीप वर्ष मिळून ७, म्हणून पुढचा असा ऑगस्ट २०३१ मध्ये आणि त्यानंतरचा २०३६ मध्ये येईल. मागे गेल्यास २००८ आणि २००३ हाती लागतात. आणखी मागे गेल्यास अशा एका ऑगस्टची तारीख प्रत्येक भारतीयाला पाठ आहे: १५ ऑगस्ट १९४७ रोजी शुक्रवार होता, तेव्हा त्या महिन्याची एक तारीखही शुक्रवारचीच होती आणि स्वातंत्र्याच्या त्या महिन्यातही पाच शुक्रवार, पाच शनिवार आणि पाच रविवार होते. ‘८२३ वर्षांतून एकदा’ हे खरे असते तर १९४७ नंतर २०२५ मध्ये हा संदेश लिहिण्याची वेळच आली नसती.

या ठिकाणी संदेश खोडून काढणाऱ्या काही मंडळींनाही टोकले पाहिजे. ‘हा योग दर अकरा वर्षांनी येतो’ असे ठणकावून सांगणारी उत्तरे फिरताना दिसतात आणि तीही चुकीचीच आहेत. वरच्या यादीतील अंतरे ५, ६ आणि ११ अशी बदलती आहेत, कारण मध्ये किती लीप वर्षे पडतात यावर ती अवलंबून असतात. चार वर्षांत ५ जादा दिवस, म्हणून अठ्ठावीस वर्षांत ३५, म्हणजे बरोबर पाच आठवडे. तेव्हा दिनदर्शिका २८ वर्षांनी जशीच्या तशी परत येते, हा ठोकताळा आपल्या हयातीपुरता खरा आहे. परंतु तोही २१०० मध्ये अडखळणार आहे, कारण शतकाचे वर्ष ४०० ने भाग जात असेल तरच लीप धरले जाते. १९०० हे लीप वर्ष नव्हते आणि त्याचा परिणाम आपल्याच यादीत दिसतो: शुक्रवारी सुरू झालेला ऑगस्ट १८९० मध्ये आला आणि त्यानंतर थेट १९०२ मध्ये, तब्बल बारा वर्षांनी. आकृतिबंधाच्या उदाहरणात मुले सर्वाधिक गुण येथेच घालवतात. भागाकार त्यांना येतो; पुन्हा पुन्हा येणारा गट नेमका केवढा आहे, हे ओळखताना त्यांची घाई होते.

दिनदर्शिकेचा खरा गट चारशे वर्षांचा आहे. ४०० वर्षांत ९७ लीप वर्षे येतात, एकूण दिवस १,४६,०९७ होतात आणि या संख्येला ७ ने भागल्यास भागाकार २०,८७१ येऊन बाकी शून्य उरते. बाकी शून्य याचा अर्थ चारशे वर्षांनंतर तारखा आणि वार यांची सारी साखळी पहिल्यापासून जशीच्या तशी सुरू होते. त्यामुळे तारीख आणि वार यांचा कोणताही मेळ एकदा घडला असेल तर तो चारशे वर्षांच्या आत पुन्हा घडलाच पाहिजे. ‘८२३ वर्षांतून एकदा’ घडणारी गोष्ट या दिनदर्शिकेत असूच शकत नाही, मग ती ऑगस्टची असो वा फेब्रुवारीची.

तरीही हट्टाने ८२३ हाच आकडा धरून पाहू. ८०० वर्षे म्हणजे दोन पूर्ण गट, ते सोडून देता येतात. उरली २३ वर्षे. २०२५ पासून २०४८ पर्यंत २०२८, २०३२, २०३६, २०४०, २०४४ आणि २०४८ अशी सहा लीप वर्षे येतात. २३ आणि ६ मिळून २९ जादा दिवस आणि ७ ने भागल्यास बाकी १. शुक्रवारनंतर एक वार पुढे, म्हणजे शनिवार. थोडक्यात, २०२५ नंतर ८२३ वर्षांनी, २८४८ मध्ये, १ ऑगस्टला शनिवार असेल आणि त्या महिन्यात शुक्रवार चारच असतील. संदेशकर्त्याने जे वर्ष नेमून दिले, नेमके त्याच वर्षी त्याचा योग जुळत नाही! आणि मागे वळून पाहायचे तर ही ग्रेगरी दिनदर्शिका १५८२ मध्ये सुरू झाली. २०२५ मध्ये तिचे वय ४४३ वर्षे होते. तिच्यात ८२३ वर्षांचा अनुभव कोणी घेतला, हे विचारायला हरकत नाही.

याच संदेशाचा धाकटा भाऊ फेब्रुवारीत निघतो: ‘या महिन्यात प्रत्येक वार चार वेळा आला आहे.’ २८ ला ७ ने भागून पाहावे. लीप वर्ष सोडल्यास प्रत्येक फेब्रुवारीत हेच होते आणि त्याला अधिक उत्तराची गरज नाही. फेब्रुवारीत खरोखरच विरळ काही शोधायचे असेल तर ते पाच रविवार आहेत, कारण त्यासाठी २९ दिवसही लागतात आणि एक तारखेला रविवारही. असे फेब्रुवारी १९७६ आणि २००४ मध्ये येऊन गेले, पुढचे २०३२, २०६० आणि २०८८ मध्ये येतील आणि त्यानंतर २१०० लीप नसल्यामुळे थेट २१२८ मध्ये. चाळीस वर्षांची ही खिंड पाहिली की ८२३ चा आकडा किती हवेत सोडलेला आहे, याचा अंदाज येतो.

राहिली फेंगशुई. चीनने ग्रेगरी दिनदर्शिका सरकारी कामासाठी १९१२ मध्ये स्वीकारली. त्यांच्या पारंपरिक पंचांगातले महिने आपल्या चांद्रमासांप्रमाणेच चंद्राच्या गतीवर चालतात आणि ते २९ किंवा ३० दिवसांचे असतात. ३० ला ७ ने भागल्यास बाकी २ उरते. म्हणजे चिनी महिन्यात फार तर दोन वार पाच वेळा येऊ शकतात. तिसऱ्याला तेथे जागाच नाही.