फायबर आलं, पण राउटर जायला तयार नव्हता

ऑफिसात एडीएसएल, म्हणजे टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून येणारं इंटरनेट असलं की माणसं आपोआप संयमी होतात. मोठी फाईल मेलला जोडायची, सेंड दाबायचं आणि जेवायला जायचं, हा आळस नाही, ही कामाची पद्धत. आमची लाईन एडीएसएल टू प्लसची होती, म्हणजे कागदावर 24 एमबीपीएस डाउनलोड आणि अपलोड जेमतेम 1 च्या आसपास, पण हे आकडे टेलिफोन एक्सचेंजला खेटून राहणाऱ्यांसाठी असतात. तांब्याच्या तारेत जितकं लांब जाल तितका सिग्नल मरत जातो, त्यातही वरच्या फ्रिक्वेन्सी आधी मरतात, आणि डाउनलोडचा माल नेमका त्या वरच्या मजल्यावर ठेवलेला. त्यात कोणीतरी एक जुना फोन, फोन आणि इंटरनेट वेगळं ठेवणारा फिल्टर न लावता भिंतीत खुपसून ठेवला होता, तो वाजला की लाईनचा सिंक जायचा, म्हणजे इंटरनेट तुटायचं. म्हणजे क्लायंट फोन करून विचारणार, 'फाईल पाठवली का?' आणि त्याच फोनने फाईल अर्ध्यात तुटणार. आम्ही खरं तेच सांगायचो, की हो सर, आत्ताच जात होती.

मग साहेबांनी फायबर घ्यायचं ठरवलं आणि काम माझ्याकडे आलं. का, तर मला त्यातलं कळतं. ऑफिसात ज्याला एकदा प्रिंटरमध्ये अडकलेला कागद न फाडता काढता आला तो कायमचा आयटी डिपार्टमेंट.

फायबर जोडायला आलेला मुलगा मात्र बघत बसावं असा होता. ती काच म्हणजे बाहेरून 125 मायक्रॉन, केसाच्या आसपास, आणि प्रकाश जातो तो आतला भाग फक्त 9 मायक्रॉनचा. पठ्ठ्याने वरचं आवरण सोललं, अल्कोहोलच्या टिश्यूने काच पुसली, छोट्या क्लीव्हरमध्ये धरून कट्‌ करून कापली आणि दोन टोकं स्प्लायसिंग मशीनमध्ये ठेवली. मशीनच्या स्क्रीनवर ती दोन टोकं एकमेकांकडे लाजत लाजत सरकली, एक ठिणगी पडली आणि एक झाली. मग हिरवं कनेक्टर, ज्याचं तोंड 8 अंशात तिरकं घासलेलं असतं म्हणजे परत फिरणारा प्रकाश आल्या वाटेने जात नाही. साहेब ते हातात घेऊन आत डोकवायला लागले, लाईट येतोय का बघायला. मुलगा ओरडलाच, 'सर डोळ्यासमोर नका धरू!' त्यातला प्रकाश इन्फ्रारेड असतो, दिसत तर काहीच नाही, पण डोळ्याला त्रास होऊ शकतो. साहेबांनी ते टेबलावर ठेवलं आणि नंतर ते ज्याला जोडलं ते फायबरचं खोकं पण लांबूनच बघायचे.

मग मुलाने प्रकाशाची ताकद मोजायचा पॉवर मीटर लावला आणि म्हणाला, 'मायनस एकोणीस. एकदम मस्त.'

अकाउंट्सच्या मॅडमनी मान वर केली. 'मायनस आहे तर मस्त कसं?'

आता त्यांना काय सांगणार, की हे माप डीबीएमचं, शून्य डीबीएम म्हणजे एक मिलिवॉट, आपल्याला येतो त्याचा ऐंशीवा वगैरे हिस्सा, आणि मायनस सत्तावीसपर्यंत सुद्धा हे खोकं कुरकुर करत नाही. मी सांगितलं तरी. त्या म्हणाल्या, 'म्हणजे एक कबूल करून ऐंशीवा हिस्सा देतात आणि आपण मस्त म्हणतो.' मुलाने खोक्याशेजारी उभं राहून स्वतःच्या मोबाईलवर स्पीड टेस्ट लावली, 300 दाखवले, सही घेतली आणि गेला. त्याच्या हिशोबाने फायबर झालं होतं.

आमच्या हिशोबाने आता कुठे राउटर सुरू होणार होता.

जुना राउटर कपाटावर, वर 'बंद करू नये' अशी चिठ्ठी, आणि ती चिठ्ठी कोणी लावली ते कोणालाच माहीत नाही. त्याला इंटरनेटसाठी फक्त टेलिफोनच्या पिनची जागा आणि मागे ऑफिसातल्या कॉम्प्युटरच्या वायरींसाठी चार लॅन पोर्ट, तेही 100 एमबीपीएसचे. म्हणजे फायबरच्या खोक्यातून आलेली वायर त्याच्यात सरळ लावायची सोय नाही, नवीन घेणं आलं. नवीन घेणं सोपं असतं हो. जुन्याच्या पोटात काय आहे ते बाहेर काढणं म्हणजे घरातली जुनी ट्रंक उघडणं, प्रत्येक वस्तू हातात घेऊन 'हे कोणाचं?' विचारायचं आणि कोणाचं नसलं तरी टाकायची हिंमत होत नाही. पासवर्ड राउटरच्या पोटाखाली स्टिकरवर निघाला, अर्धा पुसलेला. आत गेलो तर कॅमेऱ्याचा पोर्ट फॉरवर्ड, म्हणजे बाहेरून कॅमेऱ्यापर्यंत यायचं दार, शाखेला जोडणारं खाजगी व्हीपीएन, दोन-तीन अशा कॉम्प्युटरसाठी उघडलेले पोर्ट जे भंगारात जाऊन जमाना झाला, आणि एका नियमाचं नाव 'टेम्प'. टेम्प नावाची गोष्ट ऑफिसात सगळ्यात जास्त जगते. ज्याने हे सगळं केलं तो नोकरी सोडून गेला होता, आणि कागदावर त्याने एक अक्षर लिहून ठेवलेलं नव्हतं. मी टेम्पसकट सगळं उतरवून घेतलं, आपल्याला काय.

आता कंपनीचं ते फायबरचं खोकं स्वतःच राउटर होऊन बसलेलं असतं. त्याच्यामागे आपला राउटर लावला की दोन राउटर, पत्त्यांची दोनदा अदलाबदल, म्हणजे डबल नॅट, आणि बाहेरून येणारं कनेक्शन पहिल्याच दारात उभं. म्हणून ते खोकं ब्रिज मोडमध्ये टाकायचं असतं, की बाबा तू फक्त प्रकाशाची वीज कर आणि पुढे ढकल, डोकं चालवू नको. यासाठी कस्टमर केअरला फोन केला.

'सर, वायफाय येतंय ना?'

'येतंय, पण मला ब्रिज मोड पाहिजे.'

'म्हणजे इंटरनेट चालत नाहीये?'

'चालतंय.'

'मग सर कंप्लेंट काय म्हणून टाकू?'

शेवटी केअरवालीने 'वायफाय चालू आहे, बंद करून हवं' अशी काहीतरी कंप्लेंट टाकली बहुतेक, कारण ब्रिज मोड झाला. पण नवीन राउटर लॉगिनच होईना. युजरनेम बरोबर, पासवर्ड बरोबर, तरी नाही. या लोकांचा ट्रॅफिक एका ठराविक व्हीलॅन नंबरवर, म्हणजे एकाच वायरीतल्या आखून दिलेल्या लेनवर चालतो आणि तो नंबर राउटरमध्ये टाकल्याशिवाय पलीकडे कोणाला ऐकूच जात नाही, आणि तो नंबर ना फॉर्मवर, ना वेबसाईटवर, ना केअरवाल्यांकडे. फायबर जोडणाऱ्या मुलाला मेसेज केला तर एका मिनिटात आला, खाली लिहिलेलं, 'सर मी दिला म्हणून सांगू नका.' राष्ट्रीय गुपित असावं.

लागलं एकदाचं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, बँकेचं पान उघडत नाहीये. बाकी सगळं जग उघडतंय, व्हिडिओ पळतायत, बँकेचं चाक फिरतंय ते फिरतंयच. हे दुखणं भयंकर असतं कारण कोणाला पटत नाही की इंटरनेट चालू असून बंद आहे. झालं होतं असं की नेटवर्कवर पाकीट 1500 बाईटचं असतं, पीपीपीओई, म्हणजे ही युजरनेम-पासवर्डची लॉगिन पद्धत, त्यातले 8 स्वतःसाठी घेतं, उरले 1492. काही साईट 1500 चंच पाकीट पाठवतात आणि 'जरा लहान कर' हा निरोप वाटेतला कुठला तरी फायरवॉल गिळून टाकतो, मग मोठी पाकिटं अडकतात, लहान जातात. जुन्या राउटरमध्ये यासाठी एक ओळ होती, एमएसएस 1452, म्हणजे पत्ते-बित्ते सोडून पाकिटात माल एवढाच भरा. सगळं उतरवलं त्यात ती पण आली होती, हे नशीब. नवीन राउटरमध्ये तीच सेटिंग शोधून टाकली आणि बँक उघडली. सोडून गेलेल्या त्या माणसाला मी मनातल्या मनात नमस्कार केला, आणि लगेच एक शिवी पण दिली, लिहून ठेवायला काय झालं होतं?

मग साहेबांच्या मोबाईलवर कॅमेरे दिसेनात. 'स्पीड एवढा वाढला मग कॅमेरा का गेला?' हा त्यांचा प्रश्न तसा बिनतोड होता. राउटरला मिळालेला आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता बघितला तर 100.70 ने सुरू होणारा. 100.64 पासून 100.127 पर्यंतची ही सगळी आळी 2012 साली खास यासाठीच राखून ठेवली की कंपनीने शेकडो गिऱ्हाईकांना एका पब्लिक पत्त्यामागे कोंबावं. आपण बाहेर जाऊ शकतो, बाहेरचा आत येऊ शकत नाही. पण आमचा प्लॅन बिझनेसचा, त्यात स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतःचा पत्ता, छापून दिलेला! कंपनी म्हणाली, 'अलॉट झालाय सर, मॅप व्हायचाय.' तो मॅप झाला तेव्हा कळलं की जुना आयपी किती लोकांनी आपापल्या यादीत लिहून ठेवलाय. शाखेचा राउटर, सॉफ्टवेअरवाले, आणि एक ठिकाण तर असं की आयपी बदलायचा तर लेटरहेडवर सही-शिक्क्याचं पत्र द्या. काचेतून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो. आमचं पत्र साहेबांच्या टेबलावरून आवक विभागापर्यंत गेलं ते आपल्या गतीने गेलं.

एवढं होऊन साहेबांच्या टेबलावर स्पीड 94. बाकी सगळीकडे 300 च्या घरात, मालकालाच 94. हा आकडा बघितला की ओळखायचं, वायर 100 वर अडकलीये, कारण गिगाबिटला, म्हणजे 1000 ला, केबलमधल्या चारही जोड्या लागतात आणि 100 ला दोनच पुरतात. वायरमनने भिंतीतला सॉकेट उघडला तर निळी जोडी जागेवर नाही, कापून बाजूला वळवून दुसऱ्याच एका वायरीला पिळून ठेवलेली, वर काळी टेप. 'हे कोणीतरी उगाच केलंय साहेब,' म्हणून त्याने टेप सोडवली, चारही जोड्या नीट बसवल्या, स्पीड आला, साहेब खूश, वायरमन चहाला सुद्धा न थांबता गेला.

संध्याकाळी केबिनच्या मागच्या भिंतीवरचं चोरांसाठीचं अलार्म पॅनल पिक पिक करायला लागलं. ते चोर आला की फोन लावतं, आणि त्याचा फोन त्या निळ्या जोडीवरून जात होता.

मी म्हणलं ठीक आहे, फायबरच्या खोक्याला पण फोनचा पोर्ट असतो, त्यात लावू. अलार्मवाले म्हणाले मुळीच नाही. तांब्याच्या लाईनला एक्सचेंजमधून 48 व्होल्ट येतात, ऑफिसची वीज गेली तरी फोन जिवंत असतो. तुमचं खोकं वीज गेली की मेलं, यूपीएसवर टाकलं तरी यूपीएस संपेपर्यंतच, आणि चोराला मेन स्विच सापडतो. एकतर सिमचं नवीन मॉड्यूल घ्या नाहीतर जुनी लाईन ठेवा. साहेब म्हणाले मॉड्यूलचं पुढच्या वर्षी बघू, तोवर राहू दे. वायरमनला परत बोलावून पॅनलला वेगळी वायर ओढली.

म्हणजे इंटरनेट फायबरवर, आणि जुनी तांब्याची लाईन चोराची वाट बघत तशीच चालू. महिनाअखेरीला दोन बिलं आली. मॅडमनी विचारलं, फायबरचं इंटरनेटच्या खात्यात टाकते, हे दुसरं कशात टाकू? साहेबांनी मान वर न करता सांगितलं, 'टेम्पररी म्हणून टाका.'