बांगडा कमी झाला तो ध्रुवावरच्या आवाजाने नव्हे

हर्णै-दाभोळकडच्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय: अंटार्क्टिकाजवळ संशोधन जहाजं पाण्यात आवाज सोडून क्रिल (कोळंबीसारखे चिमुकले जीव) मारतात, म्हणून आपल्याकडे बांगडा मिळत नाही. हे खरं नाही. मी समुद्रविज्ञान शिकले आहे, घर मासेमारीचंच, म्हणून लिहिते.

ती जहाजं इको-साउंडर वापरतात. आपल्या ट्रॉलरवरचा फिश फाइंडर त्याच जातीचा. 38 आणि 120 किलोहर्ट्झचे आवाज जिवांवर आपटून परततात. दोन्ही प्रतिध्वनींतल्या फरकावरून क्रिलचे थवे ओळखता येतात. दिवस मावळल्यावर तुमच्याच स्क्रीनवर खालून धुरकट पट्टा वर चढतो ना? त्यात चरायला वर येणारे प्राणीप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक प्राणी असतात. वर्षानुवर्षं फिश फाइंडर चालू आहेत, तरी तो पट्टा रात्री परत येतोच.

गोंधळ बहुधा एअरगनमुळे, म्हणजे पाण्यात दाबलेल्या हवेचे धमाके करणाऱ्या बंदुकीमुळे झाला. समुद्रतळाखालचं तेल शोधायला ती वापरतात, आणि 2017 साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटाजवळच्या प्रयोगात तिच्या धमाक्यांनंतर प्लवक मेलेलं आढळलं. ती काळजी रास्तच आहे. पण इको-साउंडर म्हणजे एअरगन नव्हे. शिवाय अंटार्क्टिक क्रिल दक्षिण महासागरातलं; आपला बांगडा इथलंच प्लवक खातो.

तांडेलदादांनो, तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.