त्या कड्याची माती तिथेच राहू द्या

गेल्या महिन्यात आई-बाबांना मार्थाज व्हिनयार्डला घेऊन गेलो होतो. इथे मॅसॅच्युसेट्समध्ये राहून इतकी वर्षं झाली तरी बेटाच्या पश्चिम टोकाला, अक्विनाला, जाणं होत नव्हतं. वूड्स होलहून बोटीने पाऊण तासात व्हिनयार्ड हेवन, आणि तिथून बसने अख्खं बेट ओलांडून पलीकडे. फोटो बरेच काढले, ते टाकीन सावकाश. पण त्या दिवशी जे पाहिलं ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून आधी हे लिहिते.

मोशप बीचवर गाडीतळापासून दहा मिनिटं चालावं लागतं. वाळूवर उतरून उजवीकडे वळलं की थोड्या वेळाने पायाखाली वाळू कमी आणि गोटे जास्त लागतात, आणि मग एकदम समोर तो कडा येतो. गेरूसारखा तांबडा, त्याला लागून शाडूसारखा पांढुरका पट्टा, मध्येच हळदीचा पिवळा, खाली काजळी काळा. पट्टे सरळ नाहीत, तिरके, मुरडलेले. चादर एका बाजूने ढकलल्यावर चुण्या पडतात ना, तसे. आणि झालंही तसंच आहे. या चिकणमातीचे खालचे थर डायनोसॉरच्या काळातले, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीचे. शेवटच्या हिमयुगात उत्तरेकडून सरकत आलेल्या बर्फाने ते जमिनीतून उचकटून दुमडून उभे केले. काळा पट्टा म्हणजे तेव्हाच्या झाडाझुडपांचा झालेला कच्चा कोळसा. हिरवट थरात शार्कचे दात आणि देवमाशांची हाडं सापडतात.

आई बराच वेळ नुसती बघत उभी होती. मग म्हणाली, "अगं, हा तर गेरूच!" आणि वाकून खाली घसरून पडलेलं एक ढेकूळ उचललं. अंगठ्याने चोळलं, बोट लालभडक. "एवढंसं नेते. दारातल्या कुंड्यांना लावीन, तुझी आठवण राहील."

मी म्हटलं, "आई, नको. ठेव ते खाली." तिला वाईट वाटलं, मलाही वाटलं. तिने आयुष्यभर प्रत्येक प्रवासातून एखादा खडा, एखादा शिंपला आणलाय. पण इथे माती नेणं आणि कड्यावर चढणं या दोन्हींना मनाई आहे, तशा पाट्या आहेत, दंडही होतो. हा नियम मला शंभर टक्के पटतो आणि तो का पटतो तेच मला सांगायचंय.

एक तर कडा मातीचा आहे, दगडाचा नाही. लाटा आणि पाऊस रोज त्याला खातायत. आदल्या दिवशी वारा-पाऊस झाला होता, तर काठाजवळचं पाणी चक्क तांबूस दिसत होतं. वरचं विटांचं दीपगृह 1856 चं. कडा ढासळत ढासळत इतका जवळ आला की 2015 मध्ये ते अख्खं दीपगृह उचलून, रुळांवरून सरकवत सुमारे 40 मीटर मागे नेलं. समुद्र जे नेतो त्याला इलाज नाही. आपण पिशव्या भरून न्यायची काय गरज आहे?

आणि दुसरं, माझ्या दृष्टीने जास्त मोठं. ही माती कुणाची तरी आहे. वाम्पानोग हे इथले मूळ अमेरिकन लोक, या बेटावर हजारो वर्षं राहतायत. त्यांच्या गोष्टीत मोशप नावाचा महाकाय पुरुष समुद्रातून देवमासे पकडून या कड्यावर आपटायचा. त्या रक्ताने कडा लाल झाला, त्याच्या चुलीतल्या कोळशाने काळा. या मातीची भांडी ते भट्टीत भाजत नाहीत, उन्हात वाळवतात, कारण भाजली की हे रंगच जातात. 1884 च्या जानेवारीत 'सिटी ऑफ कोलंबस' हे जहाज इथल्या खडकांवर फुटलं आणि शंभरावर माणसं बुडाली, तेव्हा गोठवणाऱ्या पाण्यात होड्या घालून वाचलेल्यांना आणायला गेले ते हेच लोक. आणि त्यांच्या जमातीला सरकारची मान्यता मिळाली कधी, तर 1987 मध्ये! गावाचं 'गे हेड' हे नाव बदलून अक्विना हे त्यांचं मूळ नाव परत घ्यायला गावाने मतदान केलं ते 1997 मध्ये. एवढं सगळं गमावून, भांडून जे हातात उरलंय, त्यातलं ढेकूळभर आपण सहज उचलायचं?

हे मी आईला तिथेच गोट्यांवर बसून सांगत होते, तेवढ्यात पुढे चार-पाच जण कड्याची ओली माती खरवडून अंगाला फासत होते. हसत, व्हिडिओ काढत. एकाने तर पाय रोवून वर चढायला घेतलं, आणि त्याच्या पायाखालून टोपलीभर पांढरी माती सळसळत खाली आली. मला राहवलं नाही, मी जाऊन सांगितलं. एक मुलगी लगेच "सॉरी" म्हणून बाजूला झाली, बाकीच्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. वाईट याचं वाटलं की त्यातले दोघं आपल्याच भाषेत बोलत होते. मग मी मराठीतच सांगितलं. तेव्हा उतरला तो मुलगा.

तुमच्यापैकी बरेच जण उन्हाळ्यात आई-बाबांना फिरवायला इकडे येता म्हणून कळकळीने सांगते. जरूर जा. दुपार कलल्यावर जा. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, मावळतीचं ऊन पडलं की तांबडा पट्टा आतून पेटल्यासारखा दिसतो. वर टपऱ्या आहेत, बऱ्याचशा वाम्पानोग कुटुंबांच्याच. आठवण हवी असेल तर तिथून काही घ्या. मुलांना मोशपची गोष्ट सांगा. कड्यापासून थोडं लांबूनच चाला, वरून माती केव्हाही सुटते.

परत निघताना आईने ते ढेकूळ जिथून उचललं होतं तिथेच, बरोबर त्याच दोन गोट्यांच्या मध्ये नेऊन ठेवलं. मग पाण्याजवळ जाऊन हात धुतले. नखांत राहिलेला लाल रंग मात्र बोटीत बसेपर्यंत तसाच होता.